एक ड्रम पुरला असता

किसना, गेली एकदाची माणसं.

तेरवी होऊन आठ दिवस झाले. भांडी परत केली, सतरंज्या गेल्या, शोभाची मावशी तेवढी राहिली होती, तीही सोमवारी गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, आता तुम्हीच मोठ्या." आता म्हणजे काय? तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी मी तुझ्या जन्मापासून आहे. पण वाद घालायचं त्राण नव्हतं. तुझ्या बायकोच्या मावशीला ऑटोत बसवलं आणि पिपरीला माझ्या घरी येऊन पंख्याखाली पडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच तेच सांगून जीभ जड झाली आहे. कधी गेला, कसा गेला, दवाखान्यात किती दिवस होता. ते सगळं इथे पुन्हा लिहीत नाही. तुला ते माहीतच आहे.

मला दुसरंच काही सांगायचं आहे. दीड वर्ष झालं सांगायचं आहे. तू समोर होतास, नालवाडीला तुझ्या दुकानात जायला मला ऑटोनं पंधरा मिनिटं लागायची, तरी नाही सांगितलं. म्हणून आता जुनी वही घेऊन बसले. वही तीच आहे, वाऱ्याची.

शाळेत मुली मला बाई म्हणायच्या आणि तूही बाईच म्हणायचास, पण तुझं 'बाई' लांबून ओळखू यायचं. शेवटची ई लांबली की समजायचं, स्वारीला काहीतरी पाहिजे. त्या दिवशीही तसाच आलास. अंगावर ग्राइंडरच्या ठिणग्यांनी भोकं पडलेला तोच खाकी शर्ट. "बाईऽ, एक हिशेब करून देतं काय?"

वडनेरला आपल्या बेबीच्या वावरात रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. तुझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आपला वामनराव, त्यानं कुंपणाला झटका मशीन लावली होती. तारेला हात लागला की झटका बसतो, डुक्कर पळतं, मरत मात्र नाही. ती मशीन चालायची बॅटरीवर आणि बॅटरी भरायची सोलरच्या प्लेटवर. उन्हाळ्यात सगळं झकास. पण श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, बॅटरी बसते, तार थंड पडते, आणि डुकरांना ते बरोबर कळतं.

"झडीत ऊन नाई राहत बाई," तू म्हणालास, "पण हवा तं राह्यते नं! हवेवर भरू बॅटरी."

आणि तू ते करूनही बसला होतास. कूलरच्या सांगाड्यांच्या मागे, दुकानाच्या स्लॅबवर. डांबराचा एक रिकामा ड्रम उभा कापला होतास, दोन अर्धी पन्हाळी एकमेकांना थोडी सरकवून मधल्या दांड्याला जोडली होतीस. उभ्या आसाची पवनचक्की. वारा कुठूनही येवो, तोंड फिरवायची गरज नाही. खाली कुठल्या तरी जुन्या स्कूटरीचं चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. नालवाडीच्या त्या रस्त्यावरच्या वाऱ्यानं ते धूड गरगर फिरत होतं, आणि तू मायच्या हातचा पहिला पुरणाचा मांडा मिळाल्यासारखा तोंडभर हसत होतास.

मी काय म्हणाले? "अरे बह्याडा, हा ढोल कापून ठेवलास काय?"

तुझं तोंड उतरलं नाही. तुझं कधी उतरायचंच नाही, त्याचाच मला राग यायचा. "हिशेब तं कर," म्हणालास.

मग मी हिशेब केला. तुला वाटेल तसा नाही, पद्धतशीर. आधी वारा मोजायचा, मग यंत्राचा आकार. तू कुरकुरलास, "साल जाईन बाई." जाऊ दे म्हटलं. वामनरावाच्या वावरात वाटीवाल्या पंख्याचं वारामापक लावलं. कुठे लावायचं हे मात्र तू ठरवलंस. बेबीच्या सासूला विचारलंस, "माय, तुम्ही उपणायले तिवई कुठी ठेवत होत्या?" थ्रेशर येऊन जमाना झाला, वाऱ्यावर धान्य उफणणं संपलं, पण म्हातारीनं काठी टेकत टेकत नेमकी जागा दाखवली, जुन्या खळ्याच्या उत्तरेचा उंचवटा. तिथं उभं राहिलं की पदर आपोआप उडतो. मी तेव्हा हसले होते. त्या जागेच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं. बाकीच्याही बाबतीत होतं, पण ते पुढे येईल.

वर्षभर वामनरावानं दिवसातून तीनदा आकडे लिहिले. बिचाऱ्यानं एक दिवस चुकवला नाही. मग मी सगळ्यांची बेरीज केली, भागिले केलं, सरासरी वारा काढला. सेकंदाला तीन मीटर. यंत्राला वारा किती लागतो ते रुंदी गुणिले उंची. एका ड्रमचं यंत्र म्हणजे मीटरभर रुंद आणि मीटरला थोडं कमी उंच. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे वारा दुप्पट झाला तर ताकद आठपट. म्हणून मी त्या सरासरीचा घन केला. तिनाचा घन सत्तावीस. ड्रमच्या यंत्राच्या हातात त्यातला सातवा-आठवा हिस्साच लागतो, तो धरला. उत्तर आलं दोन वॅट. तुझ्या झटका मशीनला लागायचे तीन-चार.

"किसना, तुझ्या ढोलानं काही होत नाही," मी सांगितलं. "दोनानं जेमतेम होईल, तीन ड्रम पाहिजेत. एकावर एक."

तू वही हातात घेतलीस. तुला त्यातलं अर्धं कळलं असेल, पण आकड्यांच्या खाली मी लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. शाळेत मी अशा रेघा मारल्या की मुख्याध्यापकही गप्प बसायचे.

"एवढं मोठं धूड," तू डोकं खाजवत म्हणालास. "हवा ढकलन नं त्याले? पाइप घेईन काय थे?"

"मी सगळा हिशेब केलाय."

किसना, तो हिशेब मी केला नव्हता. वीज किती निघेल तेवढंच मी काढलं होतं. वारा त्या धुडाला किती रेटेल, खांबाला बुडाशी किती ताण बसेल, यातलं काहीच केलं नव्हतं. तू विचारलंस आणि मला राग आला, एवढंच. दहावी नापास माणूस मला विचारतो!

पहिला ढोल स्लॅबवरच ठेवून तू तीन नवे ड्रम कापलेस, पण खांबाला एका ड्रमसाठी आणलेला पाइप होता, तोच वापरलास. बाई म्हणाली ना, सगळा हिशेब केलाय.

उन्हाळ्याच्या शेवटी वडनेरला ते उभं राहिलं. नारळ फोडला, बेबीनं हळदकुंकू वाहिलं, अर्धं गाव पाहायला आलं. अकरा दिवस फिरलं ते. बाराव्या दिवशी पावसाच्या आधीचं वादळ आलं, तिन्ही ड्रम खाली, आणि नेमके सोलरच्या प्लेटवर. कोणाला लागलं नाही हे नशीब. तू निरोप मिळताच पहिल्या बसनं गेलास. मी दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा पसारा उचललेला होता आणि माणसं जमून चिवडत होती. किसनाचा ढोल पडला, म्हणे. कोणीतरी हसत विचारलं, "काऊन रे किसना, काय झालं?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. डोळे खाली घातलेस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "काही नाई बाप्पा. माह्यंच वेल्डिंग कच्चं राह्यलं."

तुझं वेल्डिंग! गिऱ्हाइकाला गेट देताना छाती फुगवून सांगायचास, "पाइप वाकन, पण जोड नाई सुटणार." तीस वर्षांत एक गेट परत आलं नव्हतं. आणि मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. माझा हिशेब वाचला. परत येताना बसमध्ये मी तुझी समजूतही काढली, "होतं रे असं, पुढच्या वेळी नीट कर." तू खिडकीबाहेर पाहत 'हो' म्हणालास.

त्यानंतर वडनेरच्या देवळाचं गेट तू करणार होतास, ते काम दुसऱ्याला गेलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. नवं गेट लागल्याचं बेबीकडूनच तुला कळलं. तू दोन दिवस दुकान उघडलं नाहीस. शोभा मला म्हणाली, "बाई, याहीले बोला काही, जेवत नाई बराबर." मी येऊन तुला बोलले, म्हणजे रागावले. एका गेटासाठी एवढं काय मनाला लावून घेतोस!

मागच्या वर्षी होळीच्या आधी कपाट आवरताना ही वही हाती लागली. रद्दीत टाकायची म्हणून सहज उघडली. वामनरावाच्या अक्षरातले आकडे होते. एका दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी सहा. मी उभ्या उभ्या वाचत होते आणि तिथेच अडले. खाली बसले. दोन आणि सहा, सरासरी चार. चाराचा घन चौसष्ट. पण वारा त्या दोन दिवसांत कधी चार नव्हताच! दोनाचा घन आठ, सहाचा दोनशे सोळा, आणि त्यांची सरासरी एकशे बारा. आधी प्रत्येकाचा घन करायचा आणि मग सरासरी काढायची. जोराच्या वाऱ्याचे थोडे दिवसच सगळी कमाई करून देतात, आणि मी ते संथ दिवसांत कालवून पातळ करून टाकले होते. नववीच्या मुलीनं अशी चूक केली असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

दुपारभर बसून सगळं पुन्हा मांडलं. एका ड्रमचे चार वॅट आले. तुझा ढोल पुरला असता, किसना. जोडीला प्लेट होतीच, मजेत पुरला असता. तीन ड्रमांची गरजच नव्हती. आणि तीन ड्रम नसते तर तो पाइपही टिकला असता.

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले, सांगायलाच आले होते. तुझा कूलरचा हंगाम सुरू झाला होता. पत्रे, वाळ्याच्या ताट्या, पंपांचे खोके, पाय ठेवायला जागा नाही. तू गॉगल कपाळावर चढवलास. "बोल बाई, काऊन आली एवढ्या उन्हाची?"

माझ्या तोंडून निघालं, "माझ्या कूलरची टाकी गळते."

दीड वर्ष मी हे वाक्य चघळते आहे. त्रेसष्ट वर्षांची बाई, शेकडो मुलींना चुका मान्य करायला शिकवलं, आणि स्वतःची वेळ आली तर टाकी गळते! तू संध्याकाळी हातातलं काम टाकून पिपरीला आलास. टाकीत पाणी भरलंस, बोट फिरवून पाहिलंस. "गळत तं नाई बाई." मी म्हटलं, गळते कधीकधी. तू माझ्याकडे पाहिलंस. मग पाणी काढलंस, टाकी पुसलीस आणि डांबराचा हात दिलास. तो वाळायला थांबलास. चहा घेतलास. इकडचं तिकडचं बोललास, बेबीची सासू पडली ते, पोरांच्या परीक्षा. मग पुन्हा एक हात दिलास. मी समोर पाटावर बसून तुझ्याकडे पाहत होते. निघताना म्हणालास, "अजून काही हाये काय बाई?" मी म्हटलं, नाही रे, काही नाही.

पुढे दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एकदा म्हणालास, "लहानवाला ढोल तसाच पडला हाये दुकानात. वडनेरले लावून देजो." मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, आधी बरा हो. तेव्हाही नाही सांगितलं. खोलीत शोभा होती, सिस्टर होती. कारणं काय, हवी तितकी मिळतात.

आता ऐक. परवा वडनेरला गेले.

तुझ्याकडे वीस वर्षं काम करणारा मनोहर, त्याच्याकडून तो लहान ड्रम उतरवला, छोटा हत्ती टेम्पोत घातला आणि मीही पुढे बसले. शोभा म्हणाली, या झडीत कुठे जाता? म्हटलं, झडीतच जायचं आहे. चार दिवस पावसाची रिपरिप, सूर्याचा पत्ता नाही, वामनरावाची बॅटरी बसलेली. माझी कंबर रस्त्याभर बोंबलत होती. मनोहर म्हणाला, "जुन्या खांबातला चांगला तुकडा असन तं थोच वापरू." म्हणून आम्ही गोठ्यात गेलो. कडब्याच्या मागे ते सगळं पडलं होतं. तीन ड्रम, वाकलेला दांडा आणि खांबाच्या बुडाशी जमिनीत बोल्टानं बसवली होती ती जाड लोखंडी पाटी, खांबाच्या थोटकासकट. दोन वर्षांत मी एकदाही ते पाहायला गेले नव्हते. काय पाहायचं? वेल्डिंग कच्चं होतं ना.

मनोहरनं पाटी ओढून उजेडात आणली, हातानं माती पुसली आणि तिथंच उकिडवा बसला.

"बाई, इकडे या जरासं. हा जोड पाहा."

मला जोडातलं काय कळतं? पण बोट ठेवून दाखवलं त्यानं. पाटी आणि पाइप जिथे जोडला होतास तिथली रेघ अख्खी होती. कुठे केसाएवढी चीर नाही. पाइप फाटला होता तो त्याच्या वर, दोन बोटं सोडून. लोखंड पार चिंधीसारखं उकललं होतं.

"वेल्डिंग हललं बी नाई," मनोहर म्हणाला. "पाइप फाटला. एवढ्याशा पाइपवर एवढं धूड, फाटणारच नं थो. मंग किसनाभाऊ आपलं वेल्डिंग कच्चं काऊन म्हणे?"

वामनराव दारात उभा होता. तो म्हणाला, "त्या दिवशी भाऊनं हे असंच हातात घेऊन पाह्यलं होतं. बराच वेळ. मंग मले म्हणे, वामनराव, हे कडब्यामागं टाकून द्या, कोणाले दाखवू नका. बाईले तं बिलकुल नाई. मले वाटलं, शरमला असन."

मी तिथे कडब्यावर बसले. बेबी पाणी घेऊन धावली. रडू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही, नुसता थकवा आला. तुला त्याच दिवशी कळलं होतं, किसना. लोखंड कुठे फाटलं यावरून तुला सगळं कळलं होतं. आणि तू जाऊन चारचौघांत स्वतःचं नाव घालवून बसलास, कारण नाहीतर कोणीतरी विचारलं असतं, मग हिशेब कोणाचा होता?

वेडा आहेस. होतास. काय म्हणावं तुला!

मनोहरनं तासाभरात ड्रम उभा केला, म्हातारीनं दाखवलेल्या त्याच उंचवट्यावर. खांब नवाच लावला, मी हट्टानं जाड घ्यायला लावला. पाहायला माणसं जमलीच. त्यांतली निम्मी त्या दिवशीही होती. मी छत्री बेबीच्या हातात दिली आणि वर्गात बोलायचे तशी बोलले, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी. म्हटलं, किसनाचं वेल्डिंग कच्चं नव्हतं. गणित माझं चुकलं होतं. तीन ड्रम मी सांगितले, पाइप पुरेल का असं त्यानं विचारलं तेव्हा न मोजता हो म्हटलं, आणि दीड वर्षापूर्वी चूक सापडली तरी गप्प बसले. जोड गोठ्यात आहे, ज्याला पाहायचा त्यानं जाऊन पाहावा.

मग एक म्हातारा म्हणाला, "होत राह्यते बाई, पाण्यात नका उभ्या राहू." दुसरा देवळाच्या बाजूला पाहत पुटपुटला, "मंग गेटचं काम उगाचच दुसऱ्याले देल्लं म्हणा." आणि तिघं-चौघं खरंच गोठ्याकडे गेले, जोड पाहायला.

काल सकाळी वामनरावाचा फोन आला. "बाई, ऊन नाई, पण मशीनची टकटक चालू हाये. बॅटरी भरून राह्यली." मी फोन ठेवला. आता गावात कोणी काही म्हणणार नाही. पण ऐकायला तू नाहीस. 'माझं चुकलं' एवढं बोलायला मला तू जायची वाट पाहावी लागली, याचं काय करू, सांग.

आज दुपारी कूलर आवरायला काढला. पावसाळा अर्धा उलटला तरी तसाच उभा होता, या धावपळीत कोणाला सुचतंय. टाकी रिकामी केली, पालथी घातली. तळाला तुझं डांबर आहे, अजून काळं कुळकुळीत. बोटानं चाचपलं. जाड आहे. न गळणाऱ्या टाकीला तू एक हात दिलास, वाळायची वाट पाहत माझ्यासमोर बसलास, चहा प्यायलास, बेबीच्या सासूचं बोललास, आणि मी काहीच बोलत नाही असं पाहून पुन्हा ब्रश उचललास. काऊन आले होते मी दुकानात, ते तुला ठाऊक होतं. मला बोलायला वेळ मिळावा म्हणून तू दुसरा हात देत होतास.

एक हात पुरला असता, किसना.